पुसलेल्या कक्षा

३ फेब्रुवारी
कोणीतरी माझा तक्ता पुसला! काळ्या कापडावर खडूने काढलेला अणू — मधलं केंद्र शाबूत, भोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या कक्षा तेवढ्या गायब. त्यांच्या जागी बारीक ठिपक्यांचं धुकं. सावकाश, निगुतीने केलेलं. जाणत्याचं काम. म्हणजे कॉलेजातला तो प्राध्यापकच! माझ्या गेल्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत होता.

४ फेब्रुवारी
कक्षा पुन्हा काढल्या. रविवारी मालिकेतलं शेवटचं व्याख्यान. वीस वर्षं माझं समारोपाचं वाक्य सभागृह डोक्यावर घेतंय — "धुळीच्या कणाकणात सूर्यमाला फिरते आहे!" त्याच्यावरच घाला घालायचाय याला.
ग्रंथपालही सामील असावा. तक्ता त्याच्याच वाचनालयात असतो. म्हणतो, "साहेब, दुपारी इथे माशीसुद्धा फिरकत नाही. वहिनी सोडल्या तर." साफ खोटं!

६ फेब्रुवारी
पुन्हा पुसल्या!
हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पुसणाऱ्याला काही म्हणायचं असेल." किती भाबडी!

७ फेब्रुवारी
सापळा लावला.
एकेकाळी शास्त्रज्ञांच्या लेखी अणू म्हणजे भरीव गोळी. मग तिच्यात इलेक्ट्रॉन रुतवले. मग सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून पाहिले — बहुतेक आरपार गेले, मोजके उलटे आले. आत न डोकावता केंद्र सापडलं! मीही तेच करणार. वाचनालयात नकली तक्ता ठेवला, तक्ता तिथेच आहे असं प्राध्यापकाच्या कानावर घातलं. खरा घरी आणून पेटीमागे ठेवला.

८ फेब्रुवारी
नकली तक्त्याला कोणी बोटही लावलेलं नाही. घरचा पुसलेला.
घरात माणसं दोनच.

९ फेब्रुवारी
"सांगायचं तरी होतंस!"
"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही आरशासमोर भाषण करत होतात."
तिने माझं अणूवरचं जाड पुस्तक समोर ठेवलं. कक्षांच्या प्रकरणापर्यंत माझ्या खुणा. पुढची पानं छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती — वीस वर्षं! आता सुरीने नीट कापलेली. तिथे लिहिलंय: इलेक्ट्रॉन ठरल्या वाटेने फिरत नाही. तो कुठे सापडण्याचा संभव किती, एवढंच सांगता येतं. जिथे संभव जास्त, तिथे ठिपके दाट.
"व्यासपीठावरून गर्जना करता ना, पुराव्यापुढे मान झुकवा म्हणून? मग झुकवा की!"
जिथे टाळ्या मिळाल्या, तिथेच मी वाचायचा थांबलो होतो.

१० फेब्रुवारी
सभागृह तुडुंब. तक्ता मी धरला. बोलली ती.