न खेळलेल्या स्पर्धेची शिक्षा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. तरी हे तुम्हालाच सांगायचंय. या आठवड्यात जे झालं ते भांडण तुमच्याशी होतं, आणि त्यात तुम्ही हरलात.

तुमचा नियम अजून चालू आहे. जिल्ह्याच्या पहिल्या चार खेळाडूंनी जिल्ह्याची प्रत्येक स्पर्धा खेळायचीच, दांडी मारली तर त्या वर्षी राज्याच्या संघातून नाव बाद. तुम्ही तो आणलात तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! व्यापाऱ्यांच्या मुली लग्नसराईत खुशाल गायब व्हायच्या आणि मी सुरतच्या दुसऱ्या टोकाहून, पर्वत पाटियाहून, दोन रिक्षा बदलून, ताप अंगावर काढून यायचे. मला वाटलं, हा नियम माझ्या बाजूचा आहे. माझ्या बाजूचे तुम्हीच होतात म्हणा. मराठी शाळेच्या मैदानावर मला बॉल फेकताना बघून तुम्ही तुमची जुनी टेनिस रॅकेट माझ्या हातात दिलीत. तिची मूठ झिजली होती, तर तुमच्या घरी काकूंनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून तिला नवी पट्टी गुंडाळली, कणकेचे हात आधी पदराला पुसून. ते घर मला माझंच वाटायचं.

मग बाबा भाजले. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मशीनचं झाकण उघडताना वाफ आली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मॅच. दवाखान्याच्या गल्लीतल्या टेलिफोन बूथवरून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅचचं मी बघतो. तू बाबांपाशी थांब." बाबा खाटेवरून अहिराणीत ओरडत होते, "मी काय मरी नही ऱ्हायनू! तू खेळाले जाय!" मी गेले नाही. तुमचा शब्द होता ना.

पुढच्या रविवारी कोर्टवर सगळे पालक जमलेत. तुम्ही संघ वाचून दाखवताय आणि माझं नाव येत नाही. "नियम सगळ्यांना सारखा," तुम्ही म्हणता, "न कळवता गैरहजर राहिली." मी उठून उभी राहते. "सर, मी फोन केला होता." तुम्ही माझ्याकडे बघत नाही, नेटकडे बघता. "मला कुणाचाही फोन आला नाही." माझ्या जागी जिचं नाव वाचलंत, तिच्या वडिलांनी नुकतेच कोर्टवर नवे दिवे बसवून दिले होते. ते मला नंतर कळलं. संघातली जागा गेल्याचं दुःख मी पचवलं असतं, सर. पण फाटकाशी हाताला पट्ट्या बांधलेले माझे बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. घरी जाताना रिक्षात ते हळूच म्हणाले, "तू फोन करा व्हता ना, पोरी?" माझ्या बापाने माझ्यावर शंका घेतली, ती तुमच्यामुळे. त्यानंतर मी रॅकेट हातात धरली नाही.

पण कोर्ट सोडलं नाही. बँकेतली नोकरी सांभाळून पंच झाले, आता निवड समितीची प्रमुख आहे. का चिकटून राहिले, असं लोक विचारतात. मी म्हणते, खेळावर प्रेम. खोटं आहे ते. कधीतरी तुमच्या घरातलं कुणीतरी माझ्यासमोर उभं राहील, याची मी वाट बघत होते.

तुमची नात जिल्ह्यात पहिली आहे. बक्षीस घेताना दर वेळी सांगते, "आजोबा म्हणायचे, स्पर्धा चुकवणारा खेळाडू नव्हे." मागच्या स्पर्धेच्या पहाटे तिचा मला फोन आला. "मॅडम, आजी बाथरूममध्ये पडली. मम्मी-पप्पा अहमदाबादला आहेत, घरी मी एकटीच." मी म्हटलं, "आजीपाशी थांब."

समितीत विषय निघाला. आमचे एक सुरती सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, नियम एटले नियम. जगातले पहिल्या नंबरवालेसुद्धा सक्तीची स्पर्धा सोडतात तर त्यांना दंड होतो, पॉइंट कापतात. आपण सोडायचं? तिने कळवलं तरी होतं का?" सगळे माझ्याकडे बघू लागले. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, सर. जसंच्या तसं. पण तेवढ्याने माझं भागणार नव्हतं.

"मुलीला आत बोलवा," मी म्हटलं, "आणि तिच्या वडिलांनाही."

दोघं येऊन बसले. मी सांगितलं, हिने मला फोन केला होता, हिला शिक्षा नाही. आजारपण, अपघात असेल आणि कळवलं असेल तर यापुढे कुणालाच नाही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मग मी म्हटलं, "हा नियम तुझ्या आजोबांचा. त्यांनी तो कसा वापरला, तेही ऐक." आणि सगळं सांगितलं. बूथ, बाबांचे हात, नवे दिवे, नेटकडे लागलेली तुमची नजर. ती ताडकन म्हणाली, "आजोबा असं करूच शकत नाहीत! पप्पा, बोलो ने!" तुमचा मुलगा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "तो फोन मीच उचलून तुझ्या आजोबांना दिला होता."

इतकी वर्षं तुमच्याच घरात माझा साक्षीदार जेवत होता. त्या भरल्या खोलीत तुम्ही खोटे ठरलात, तुमच्याच रक्ताच्या तोंडून. तिच्या पुढच्या भाषणात तुम्ही नसाल. मला इतकं गोड काही कधी लागलं नव्हतं.

हे पत्र तुमच्या घरी नेऊन तुमच्या फोटोखाली ठेवावं, असं मनात होतं. पण काकू अंथरुणावर आहेत, आणि घरात आलेला प्रत्येक कागद त्या वाचतात. नाही नेणार.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "ती पोर रडनी का?"

मी म्हटलं, नाही.

ती रडत होती, सर. मी सांगत सांगत दिव्यांपर्यंत आले तेव्हाच रडायला लागली होती. आणि मी थांबले नाही.