कोर्टासमोरच्या दगडाला वाहिलेला हार

बाबा, कोर्टासमोरचा तो दगड परवा काढला. क्रेननं उचलला, ट्रकवर आडवा बांधला आणि नेला. मला मात्र तेव्हापासून चैन नाही, म्हणून पोस्टात न टाकायचं हे पत्र लिहायला बसले आहे.

आपण नागपूरहून अमेरिकेतल्या त्या गावात येऊन वर्ष झालं असेल. नव्या गाडीसाठी आईनं झेंडूचा हार केला होता. कोर्टापाशी तुम्ही गाडी थांबवलीत. उंच दगड, त्यावर कोरलेली नावं, वर 'स्वातंत्र्यासाठी प्राण दिले' असं काहीतरी. "हुतात्मा स्मारक दिसतंय," म्हणालात, बॉनेटवरचा हार काढलात, बूट उतरवलेत आणि तो हार तिथं वाहिलात. मलाही नमस्कार करायला लावलात. पेपरवाल्यानं फोटो काढला. तो छापून आल्यावर तुम्ही फ्रेम करून स्वयंपाकघरात टांगलात. केवढे खूश होता!

त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीनं सांगितलं, की तिच्या घरचं कुणी त्या बाजूनं चालतसुद्धा नाही. गुलामी संपल्यावर तिचे खापरपणजोबा मत द्यायला गेले, तेव्हा गोऱ्यांच्या टोळीनं त्यांना तिथंच गोळ्या घातल्या. दगडावरची नावं त्या दिवशीच्या चकमकीत मेलेल्या टोळीवाल्यांची. मी धावत घरी येते. तुम्ही कणीक मळताय. "बाबा, ते लोक किलर्स होते!" तुमचे हात थांबत नाहीत. "हळू बोल. आपण व्हिसावर आहोत. यात पडायचं नाही." फ्रेम तिथंच राहिली. मला तुमचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

गेल्या महिन्यात दगडाबद्दल सुनावणी होती. मी आता राहते त्या मॉरिसव्हिलहून ड्राइव्ह करून गेले, त्याच मैत्रिणीशेजारी बसले. दगड राहावा म्हणणाऱ्या एका गृहस्थानं तुमचाच तो पेपरातला फोटो मोठा करून उंच धरला. म्हणाला, परदेशातून आलेल्या माणसालाही याचा आदर वाटला, बघा. मी माईकपाशी जाऊन म्हणाले, "दॅट्स माय फादर. ही डिडन्ट नो." टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "डिड यू एव्हर टेल हिम?" मी मान हलवली. नाही.

सांगितलं होतं, बाबा. तुम्ही सगळं ऐकलं होतंत. नाही म्हणताना मी तुम्हाला वाचवत होते की स्वतःला, कळत नाही. तुमच्या घरातला तो फ्रेम केलेला फोटो आता माझ्या स्वयंपाकघरात असतो. मैत्रीण यायची असली की मी तो उतरवते, आणि ती गेली की पुन्हा टांगते.