मनूची हाक

४ नोव्हेंबर २०१८
पोहोचलो एकदाचे. डहाणू रोडला सकाळी आठला उतरलो, स्टेशनाबाहेर टोपलीभर चिकू घेतले, जीपच्या टपावर ट्रंक बांधली आणि तलासरीच्या अलीकडच्या या पाड्यावर आलो. आठ वर्षांची कृपा सारा रस्ता खिडकीला नाक लावून होती. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची मी आता वॉर्डन; दारावर ‘सुवार्ताबाई’ अशी पाटीही लागली. माझे यजमान शमुवेल शेजारच्या शाळेत गणित शिकवणार. आम्हाला दोन खोल्या, मागे धान्याची कोठी, दारात शेवगा. स्वयंपाकीण नवशीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मुली दिवाळीनंतर येतील.

नगर सोडणं जड गेलं. मनूची कबर तिथे आहे. दहा वर्षांचं माझं लेकरू अकरा दिवस तापाने फणफणलं, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर. पण आज चौदा महिन्यांनी हे हसले. जेवणाआधीची प्रार्थनाही स्वतःहून केली. प्रभूचे उपकार.

२५ नोव्हेंबर
दोन आठवडे जमीन हादरते आहे. आधी खोल कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग मांडणीवरची भांडी खणखणतात. साहेब लोक येऊन गेले, धक्के लहान आहेत, घाबरू नका म्हणाले. तरी बत्तीस मुलींपैकी नऊच उरल्या. बाकीच्यांना आईबाप घेऊन गेले. सगळा पाडा अंगणात झोपतो. नवशी म्हणाली, "बाय, भुई धडकते ती. आत नको राहू." कृपाला घेऊन मीही बाहेर येते.

हे येत नाहीत. कोठीत फरशीला कान लावून बसतात. धक्क्यानंतर कोणीतरी हाक मारतं, म्हणाले. कोण, विचारलं तर पुन्हा फरशीला कान लावला.

९ डिसेंबर
शेवटची मुलगी काल गेली. ह्यांनी शाळा सोडली आहे. आज पहारीने कोठीची फरशी फोडली. मी हात धरला तेव्हा शांतपणे सांगितलं, मनू खाली आहे, त्याला थंडी वाजते. मी म्हटलं, मनू प्रभूजवळ आहे. त्यावर म्हणाले, "अकरा दिवस मागत होतो तेव्हा तुझा प्रभू एक शब्द बोलला का? हा बोलतो, सुवार्ता."

हेच मी स्वतःला कपडे धुताना कितीदा विचारलं आहे. तरी प्रार्थना सोडली नाही. सोडून जाऊ कुठे?

२५ डिसेंबर
नाताळ. अंगणात चटई टाकून मी आणि कृपा गात होतो. नवशी आणि तिचा नवरा भिका आमच्या धर्माचे नाहीत, तरी येऊन बसले.

गाणं चालू असताना शमुवेल कोठीतून आला. कोपरापर्यंत रक्त. वसतिगृहाच्या साऱ्या कोंबड्या कापून कोठीत खणलेल्या खड्ड्यात टाकल्या होत्या. मनूने मागितल्या म्हणे. मग त्याच हातांनी कृपाला उचललं, वजन पाहिल्यासारखं तोललं, आणि म्हणाला, "मनूएवढी झाली." मी तिला ओढून घेतलं तर थोबाडीत मारली. ओठ फाटला. लग्नाच्या तेरा वर्षांत पहिल्यांदा.

कृपाला नवशीच्या झोपडीत ठेवलं आहे.

८ जानेवारी २०१९
डाव्या हाताने लिहिते.

दुपारी शमुवेल घरात नव्हता. खड्डा बुजवायला दगड नेले. धक्का बसला आणि खालून मनू बोलला. "आई, पायात गोळे येतात." अकराव्या दिवशी तो हेच बोलला होता. तेव्हा खोलीत मी एकटीच होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, शमुवेललाही नाही.

मातीवर आडवी झाले. ओ तोंडाशी आली होती. मग तो म्हणाला, "कृपाला पाठव. मग मी वर येतो."

माझा मनू तापातसुद्धा कृपाला आपल्यातलं अर्धं बिस्कीट द्यायचा. हे माझं लेकरू नाही. आवाज त्याचा आहे, हा तो नाही.

दगड लोटत राहिले. शमुवेल मागून आला, फावडं माझ्या हातावर घातलं. तीन बोटं मोडली. कासा गावच्या दवाखान्यात मोरीत पडले म्हणून सांगितलं.

२८ जानेवारी
मिशनच्या ऑफिसला शेवटी सगळं कळवलं. परवा गाडी येते. तोवर मीही नवशीकडे. शमुवेल लांब उभा राहून झोपडीकडे बघतो. जेवत नाही. आज त्याच्यासाठी प्रार्थना करताना शब्द— रागच आला. प्रभूचाही.

३० जानेवारी
वसतिगृहाच्या प्रार्थनेच्या खोलीत आहे. लोखंडी दार आतून लावलं.

सकाळी मोठा धक्का. सगळे रस्त्याकडे धावले. तेवढ्यात शमुवेल कोयता घेऊन आला. भिका मध्ये उभा राहिला. मानेवर एकच वार— भिका गेला. मी कृपाला उचलून इथे. नवशी मागच्या खिडकीशी आली, नवऱ्याचं रक्त अंगावर. म्हणाली, "पोर दे, बाय." गजांमधून कृपा निघाली, मी मावत नाही. दोघी माळावरून रस्त्याकडे पळाल्या. गाडी येईल.

त्याला वाटतं कृपा आत आहे. वाटू दे. मी मोठ्याने बोलते. कृपा, रडू नको बाळा. कृपा, मला धरून बस. तो ऐकतो आणि दारावर घाव—

घाव थांबले. रडतोय. सुवार्ता, दार उघड, लेकरू येतंय आपलं.

पुन्हा घाव.

खालून आवाज. आता इथेही. आई, एकदाच ओ दे. तुझा देव देत नाही, मी देतो.

देत नाही. खरं आहे. एक शब्द नाही, इतक्या महिन्यांत—

तरी प्रभू, मी तुझ्याशीच बोलते. तू बोल, नको बोलू. कृपाला रस्त्यापर्यंत पोहोचव. शमुवेलला क्षमा—

वरची बिजागरी निघाली. फरशी मधोमध उकलते—

आई

ओ देणार नाही. प्रभू, मी इथे आहे, तुझ्या—