मालतीबद्दलचा अर्धा मजकूर

लखनौ, रविवार, ९ डिसेंबर २०१२

शी! माझी मालती गेल्याचं इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटसाठी लिहून दिलं, तर पहिल्या पानावर अर्धंच आलं. 'मालतीचं ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली, चहासुद्धा स्वतः केला' आणि पुढे तीन टिंबं. ती गेली, हे टिंबांच्या मागे. शहराच्या त्या टोकाला, चिनहटला राहणाऱ्या देशपांड्यांच्या मुलीचा फोन, "काका, अभिनंदन! काकू बऱ्या झाल्या ना!" फोन ठेवून दिला.

वेबसाइट आमची सूनच सांभाळते. म्हणाली, "बाबा, कोड अपने आप काटता है. ठरलेली अक्षरं झाली की बस." वर म्हणे, नाव ठळक करायच्या खुणाही तो अक्षरांतच मोजतो. म्हणजे दर वेळी मालतीचं नाव ठळक हवं, हा हट्ट माझा, आणि त्यानंच तिचं जाणं टिंबांमागे ढकललं? किळस आली त्या मशीनची. माझीही.

"'गेली' हे पहिल्याच ओळीत लिहा ना, बाबा."

तीच ओळ लिहवत नव्हती, म्हणून तर शेवटी ठेवली होती. "तूच घाल," म्हटलं.

तिनं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तीही तशीच बसून राहिली.