मॅडमची सही

१२ जानेवारी, वरठी
आईला लॅपटॉपवर जुना काळा-पांढरा विनोदी सिनेमा दाखवला. एक इंग्रज नोकर नव्या मालकासोबत अमेरिकेत जातो, शेवटी स्वतःचं हॉटेल काढतो. संवाद मी तिच्या बोलीत सांगत होते. मालक त्याला आपल्याच टेबलाशी बसवतो, तर त्याला बसवत नाही. मी हसले. आई नाही. "बसन कसा? सवयच नाही त्याले." सतरा वर्षं ती भंडाऱ्याच्या मॅडमकडे स्वयंपाक करते.

दाखवण्यात हेतू होता. मॅडम मस्कतला मुलीकडे राहायला जात आहेत, आईला नेणार आहेत. वाटलं, सिनेमा पाहून म्हणेल, इथंच खानावळ काढू.

म्हणाली, "पाह्य, त्यालेबी परदेशातच जमलं."

२० जानेवारी
आईच्या नोकरीचा करार इंग्रजीत. तीनदा वाचला. कलम सात – मालकाच्या लेखी संमतीशिवाय काम बदलता येणार नाही. समजावून सांगितलं. "मॅडम तशा नाहीत," म्हणाली. सही केली.

३ फेब्रुवारी
गेली.

१८ एप्रिल
मी काम करते त्या प्लांटमध्ये मीटरचं रीडिंग चुकलं तर वायर तपासता येते. इथं काय तपासू? आधी रोज फोन करायची. आता चार दिवसांतून एकदा, दोन मिनिटं. मागे भांड्यांचा, पुरुषांचा आवाज. "कामात आहो. मंग बोलतो." पासपोर्ट कुणाकडे? "मॅडमकडं. कायले विचारतं?"

२ मे
सात दिवस फोन नाही. मॅडमचा इथला नंबर बंद. मस्कतच्या भारतीय वकिलातीकडे तक्रार लिहिली – तारखा, मिनिटं, पासपोर्ट. आनंदरावमामा म्हणाले, "दोन दिवस थांब ना बाई." पाठवली.

९ मे
आईचा फोन. अकरा मिनिटं.

मोबाइल पाण्यात पडला होता. नागपूरकडची माणसं जेवतात अशा एका मेसमध्ये ती दुपारी स्वयंपाक करत होती, मॅडमना विचारून. मेसवाला कायम ठेवणार होता, वेगळी खोलीही देणार होता. मॅडम सोमवारी संमतीवर सही करणार होत्या. त्याआधीच त्यांना वकिलातीतून फोन गेला.

"कागद फाडला त्यायनं. मले वापस पाठवून राहिल्या. तुले कोनं सांगतलं होतं?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तू कलम वाचून दाखवलं असतं."

१६ मे
आई आली. जेवली, झोपली.

३० मे
मेसवाल्यानं नवा करार पाठवला; जुना संपला, आता मॅडमची सही लागत नाही. आईनं तो शेजारच्या टीनाकडून वाचून घेतला. मी घरातच होते.