घरी नाही म्हणून सांगितलं

कोसमटोला, ता. धानोरा
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशा,

तुला घरच्या सगळ्यांचा जोहार. धान कापून झालं, बांधणी बाकी आहे. आईची कंबर धरली आहे, तरी शेतात यायचं सोडत नाही, तुझ्यासारखीच हट्टी. तू फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून लिहितो.

तुझ्या कोच सरांचा फोन आला होता. तुझी खेळण्यावरची दोन वर्षांची बंदी कायम झाली म्हणाले. उत्तेजक औषधाचा थेंबही तुझ्या अंगात सापडला नाही. पण वर्षात तीनदा तू तपासणीवाल्यांना सापडली नाहीस, तेवढं पुरे झालं. पहिल्या दोन वेळा चूक तुझी होती, ती तू कबूल केलीस. तिसऱ्या वेळी कोणी आलंच नाही, असं भांडून सांगितलंस. मीही तसंच लिहून सही दिली.

निशा, ते आले होते.

एप्रिलमध्ये तू घरी होतीस. सकाळी सहा ते सात घरी सापडेन, असं तूच त्यांना कळवलं होतंस. आई मोहफुलं वेचायला गेलेली, तू आत गाढ झोपलेली. गाडीतून एक साहेब आणि एक बाई उतरले. साहेबांनी कागदात बघून विचारलं, "निशा पोटावी इथेच राहते ना?"

"नाई जी, इथी नाई राहत. नागपूरले असते."

त्यांनी गळ्यातलं कार्ड दाखवलं, मी वाचलंही नाही. सातपर्यंत गाडीत बसले, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

काकांना नेलं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. असेच दोघं काकांचं नाव विचारत आले होते. बाबा म्हणाले, आहे आत. काका चप्पल घालून त्यांच्याबरोबर गेले ते गेलेच. कोणाची माणसं होती, पोलिसांची की जंगलवाल्यांची, आजही माहीत नाही. तेव्हापासून आपल्या दारात नाव विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळतं.

तुझी नोटीस आली तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. घाबरून खोटं लिहून सही केली. त्यांच्याकडे दारातला माझा फोटो निघाला आणि तू खोटी ठरलीस. काल सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, आता तुमचं कोण ऐकणार?

बंदीच्या काळातही ते केव्हाही तपासायला येतील, असं सर म्हणतात. पुढच्या वेळी 'आहे' म्हणेन, असं तुला लिहून द्यायला बसलो होतो. दोन कागद फाडले. दारात अनोळखी माणूस तुझं नाव घेऊन उभा राहिला, तर मी काय बोलेन ते मलाच सांगता येत नाही.

म्हणून सध्या घरी येऊ नकोस.

तुझा,
लच्छूदादा