नेहमीचं गड्याचं काम

नॉर्थ यॉर्क
१५ नोव्हेंबर २००९

प्रिय नंदकुमार,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? फोन सोडून हा म्हातारा पत्र कशाला लिहितोय, असं म्हणत असशील. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, आणि खरं सांगायचं तर माझी जीभही रेटणार नाही. तू टोरांटो सोडून मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालला गेलास त्याला तेवीस वर्षं झाली. दर दिवाळीला आपण एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि फोन ठेवतो.

बातमी ऊर्मीची आहे. इथल्या एका इंग्रजी नाटक कंपनीत तिला काम मिळालं. नाटकात एक बडी वकीलबाई, तिचं कुटुंब आणि त्यांच्याकडे साफसफाईला येणारी बाई. ऊर्मीने वकीलबाईसाठी ऑडिशन दिली होती, एवढं मला ठाऊक. 'काम मिळालं' म्हणाली. कुठलं, ते मी विचारलंच नाही. इथे जन्मलेली, चार वर्षं नाट्यशिक्षण घेतलेली माझी मुलगी, तिला दुसरं काय मिळणार? मी गावभर ढोल पिटून आपल्या मराठी मंडळाच्या बावीस जणांना तिकिटं काढायला लावली. तुझी नीलिमावहिनी तर त्या थंडीत पैठणी नेसली.

पडदा वर गेला आणि वकीलबाई म्हणून सोनेरी केसांची कोणी भलतीच आली. ऊर्मी आली पंधरा मिनिटांनी, व्हॅक्यूम क्लीनर ओढत. आणि नंदू, तिने तोंड उघडलं ते माझ्यासारखं बोलत! माझे उच्चार, माझं 'व्हेरी गुड, व्हेरी गुड', बोलताना माझं मान डोलावणं. सगळं थिएटर हसलं. माझ्या शेजारचा गोरा म्हातारा हसून हसून डोळे पुसत होता. मला भर सभेत कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मध्यंतरात आपल्या बावीस जणांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

परत येताना गाडीत मी पेटलो होतो. ऊर्मी मात्र शांत. दिग्दर्शकाने तिला म्हणे तोंडावर सांगितलं होतं, ऑडिशन तुझीच सगळ्यांत चांगली, पण 'द ऑडियन्स वोन्ट बाय इट.' असल्या घराची मालकीण म्हणून तू लोकांना पटणार नाहीस. मी म्हटलं, कोण लागून गेला हा माणूस? उद्याच त्याला खरमरीत पत्र लिहितो. तेव्हा ती मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, कॅन आय आस्क यू समथिंग? मंडळाच्या नाटकांत नंदूकाका ऑलवेज सर्व्हंटच का असायचे?"

हायवेवरून घराकडे वळायचा माझा एक्झिट चुकला.

तिला तू आठवतोस तो विंगेतला. लहानपणी ती तुझ्या मांडीवर बसायची. तू गड्याच्या बंडीत, खांद्यावर फडका, आणि पुस्तक मिटून अख्खं नाटक प्रॉम्प्ट करायचास. विलास दुसऱ्या अंकापासून हमखास विसरायचा. तरी नायक तोच. अकरा वर्षं दिग्दर्शक म्हणून तुला मी काय दिलं? गडी, पोस्टमन, दरोडेखोर, पुन्हा गडी. नंदूचं विनोदाचं अंग चांगलं आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो. रंगाचं नाव कधी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. गोऱ्यागोमट्या विलासला रेशमी गाऊन आणि काळ्यासावळ्या तुला फडका, हे पहिल्या वाचनालाच ठरलेलं असायचं. आणि तालमीच्या चहाला आपण सगळे तावातावाने बोलायचो, की ऑफिसात बढती फक्त गोऱ्यांना मिळते! तूही बोलायचास. मला लाज वाटते, नंदू. अडुसष्टाव्या वर्षी वाटतेय, ही त्याहून मोठी लाज.

ऐंशी सालची संक्रांत आठवते? प्रयोगाच्या दिवशी सकाळी विलास तापाने फणफणला. तुझा लगेच फोन, "उल्हास, नानासाहेबांचं सगळं काम मला पाठ आहे. तुझा काळा कोट तेवढा आण, बाकी मी बघतो." असा आनंद तुझ्या आवाजात मी आधी कधी ऐकला नव्हता. तासाभराने मी कळवलं, की शाळेच्या हॉलची हीटिंग बंद पडलीय, प्रयोग रद्द. उलट तूच माझी समजूत काढलीस.

तो तासभर मी आणि मंडळातला आपला शरदचंद्र फोनवर होतो. तो तुझ्या बाजूने भांडत होता. मी म्हणालो, "नंदू बंगल्याचा मालक? लोकांना पटणार नाही." अगदी हेच शब्द. शरदचंद्र गेला, तेव्हा वाटलं होतं, आता हे कोणालाच कळणार नाही. परवा ऊर्मीला सांगितलं. तिने मला रागाने बोलायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगताय? टेल हिम."

म्हणून हे पत्र. हीटिंग चालू होती, नंदू. त्या संध्याकाळी सेट उतरवायला मी एकटाच गेलो होतो. हॉल इतका गरम होता, की मला स्वेटर काढून ठेवावा लागला.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
उल्हास